पहिल्या धक्क्यावरचा बोका

मुलांनो, एका थंड देशाच्या बंदरात, एका युद्धनौकेवर, एक बोका राहत असे. गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. बोका रंगाने काळाभोर, मिशा ताठ आणि स्वभावाने अंमळ शिष्ट. पण त्याला फार बोल लावू नका, कारण त्याचे जहाजच तसे होते. तोवरच्या युद्धनौकांवर मोठ्या तोफा चारच असत, बाकी सगळ्या मध्यम आणि लहान. या जहाजावर मात्र एकदम दहा मोठ्या तोफा! शिवाय पोटात टर्बाइन नावाचे नवे यंत्र, त्यामुळे वेगातही त्याचा हात कोणी धरू शकत नव्हते. अशा जहाजांना पुढे लोक ड्रेडनॉट म्हणू लागले, म्हणजे कशालाही न भिणारे, आणि आपल्या बोक्याचे जहाज त्यातले अगदी पहिले. आता सांगा, मिशा ताठ होणार नाहीत तर काय?

त्या बंदराची एक रीत होती. सगळ्यांत बलवान जहाज पहिल्या धक्क्याला लागे. शेजारीच कोळ्यांच्या होड्या येत, आणि मासे साफ करताना डोकी, शेपट्या धक्क्यावरच पडत. तिथे इतकी वर्षे एका म्हाताऱ्या मांजरीचे जहाज उभे असायचे. बोक्याचे जहाज येताच म्हातारीचे हलवले आणि पलीकडच्या चिखलाच्या खाडीत नेऊन बांधले. त्याच्यासारखी आणखी चाळीस जहाजे होती, तीही एका दिवसात जुनी ठरली. म्हातारी मात्र सवयीने रोज सकाळी लंगडत लंगडत धक्क्यावर येई.

तिसऱ्या दिवशी बोक्याने तिला हटकले. "आजी, तुमचं इथे काय काम?"

"काम कसलं रे बाळा? दोन डोकी खाते आणि जाते," म्हातारी म्हणाली. "तुला काही कमी पडायचं नाही."

"तो प्रश्न नाही. माझ्या जहाजापुढे तुमचं जहाज म्हणजे मोडीचा माल. यापुढे पहिल्या धक्क्यावर पहिल्या जहाजाचंच मांजर जेवेल, हा नियम!"

म्हातारीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. ती फिसकारली नाही, पण तिला वाईट वाटले, हे खरे. मग ती वळली आणि खाडीच्या वाटेने निघून गेली.

डोलकाठीवर बसून एक समुद्रपक्षी हे सगळे पाहत होता. तो नुकताच समुद्रापलीकडच्या देशातून आला होता. "बोकोबा, एक विचारू?" तो म्हणाला. "पलीकडच्यांना कालपर्यंत तुमच्या चाळीस जहाजांना गाठायचं होतं. ते त्यांना सात जन्मांत जमलं नसतं. आता तुम्हीच म्हणता, ती चाळीस मोडीत निघाली. मग त्यांना गाठायचं राहिलं किती?"

"एक," बोका बोलून गेला.

"तेच म्हणतो मी. तिकडे हातोडे सुरू झालेत. आणि तुमचीही माणसं काही गप्प बसलेली नाहीत. नवी जहाजं बांधतात त्या गोदीकडे कान देऊन बघा."

"अरे जा! दहाच्या वर तोफा ठेवायला जागा तरी आहे का कुठल्या जहाजावर?" बोका हसला आणि माशाचे डोके फोडू लागला. गोदीतली ठोकठोक त्याला ऐकू आली होती, पण ती आपल्याच जहाजाच्या कौतुकात चालली आहे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

वर्षे फार गेली नाहीत. तिकडे एक ड्रेडनॉट झाले की इकडे दोन होत, इकडे दोन झाली की तिकडे तिसऱ्याला हात घातला जाई. प्रत्येक नवे जहाज आधीच्यापेक्षा लांब, जाड आणि जड. शेवटी एका सकाळी गोदीतून असे धूड बाहेर आले, की त्याच्या तोफांसमोर बोक्याच्या जहाजाच्या तोफा बारीक दिसू लागल्या. पहिला धक्का त्याला मिळाला. बोक्याचे जहाज दोर लावून ओढले आणि चिखलाच्या खाडीत नेऊन बांधले.

दुसऱ्या दिवशी बोका सवयीने धक्क्यावर आला. तिथे एक चुणचुणीत चितकबरी मांजरी बसली होती.

"काका, इकडे कुठे?" ती म्हणाली. "पहिल्या धक्क्यावर पहिल्या जहाजाचंच मांजर जेवतं. नियम तुमचाच आहे ना?"

 बोका परत फिरला. दोन दिवस तो खाडीच्या काठाने उपाशीपोटी हिंडला. म्हातारीचे जहाज जवळच होते, तिथे ओहोटीला चिखलात लहान मासे अडकतात हेही त्याने पाहिले होते. पण जायचे कुठल्या तोंडाने? तिसऱ्या दिवशी भुकेने लाजेवर मात केली. मान खाली घालून तो तिच्यासमोर उभा राहिला.

"आजी, चुकलो. मी तुम्हाला हाकललं, आणि..."

"आधी खा," म्हातारी म्हणाली आणि दोन मासे तिने पंजाने त्याच्याकडे ढकलले. "पुढचं पोट भरल्यावर बोल."

बोक्याने हावरटासारखे खाल्ले. खाता खाता त्याचे डोळे भरून आले. "तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला होता रे. महिनाभर धुसफुसत होते. मग वाटलं, माझं जहाज नवं होतं तेव्हा मीही एका म्हाताऱ्या बोक्याला असंच हाकललं होतं. तो बिचारा परत आलाच नाही. तू आलास, बरं झालं."

बोक्याने मान वर करून पाहिले. पलीकडे गोदीत नव्या जहाजाचा सांगाडा उभा राहत होता. दुसरा मासा त्याने अर्धाच खाल्ला आणि उरलेला हळूच बाजूला सारला.

"हा का ठेवलास?" म्हातारीने विचारले.

"ती चितकबरी येईल ना एक दिवस," बोका म्हणाला. "पोर उपाशी यायची."

तात्पर्य : ज्या नियमाने आपण दुसऱ्याला मोडीत काढतो, त्याच नियमाने उद्या आपलीही जागा जाते. म्हणून पहिल्या जागेवर असताना मागच्यांसाठी दोन घास राखून ठेवावेत.