बेडकीच्या पानावरचा पाऊस

रानात माणसांच्या पायवाटा पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीतल्या एका सदाहरित जंगलात, डबक्यावर झुकलेल्या पानावर एका बेडकीने अंडी घातली होती. त्या संध्याकाळी अंडी फुटून पिल्लं खाली डबक्यात पडायची होती. तोवर पान ओलं राहायला हवं होतं.

दुपारी सगळ्यांत उंच झाडाच्या शेंड्यावरून धनेश पक्षी ओरडला, "बेडूकताई, पाऊस सकाळीच थांबला! इथं लख्ख ऊन पडलंय. तुझी अंडी वाळणार. आशा सोड आणि ओढ्याकडे नीघ."

"मग माझ्या पाठीवर हे काय पडतंय?" बेडकीने विचारलं.

"भास होतोय तुला. आभाळ मला दिसतं की तुला?"

"आभाळ तुम्हाला दिसतं, दादा. पान मला दिसतं," असं म्हणून ती अंड्यांना बिलगून बसली.

संध्याकाळी तिची फजिती पाहायला धनेश खाली निघाला. शेंड्याखालच्या दाट फांद्यांच्या छतात त्याचे पंख भिजले. त्याखाली खोडांवरचं शेवाळ ठिबकत होतं. आणखी खाली लहान झाडांची पानं एकमेकांच्या ओंजळीत पाणी ओतत होती. तो डबक्याजवळ टेकला, तोच त्याच्या चोचीवर टपकन थेंब पडला आणि पानावरून पहिलं पिल्लू डबक्यात उतरलं.

"अरेच्चा, पुन्हा पाऊस आला?"

"नाही हो दादा," बेडकी म्हणाली, "सकाळचाच आहे. आमच्याकडे अजून पोचतोय."