मुकुंदाच्या बाकावरची पाटी

"हार्मलेस म्हटलं तर चालेल, आक्का?"

आक्का कापसातली सरकी वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे काय हो, सर?"

"कुणाला इजा न करणारा. निरुपद्रवी."

"असं माणसाला म्हणतात?"

उकिडवे सर जरा घुटमळले.

"सापाला म्हणतात," शेवटी ते म्हणाले. "बिनविषारी सापाला..."

नदीकाठच्या दत्ताच्या देवळाला एक ओसरी आहे, तिथे आक्का बसत. उभा जन्म व्रतंवैकल्यांत गेलेला. गावातलं कुणी ना कुणी येई, मनातलं बोलून जाई. आक्का उपदेश असा कधी करत नसत. वाती वळत, आणि आलेल्याच्या हातातही कापूस देत.

सर मात्र या ओसरीवर आजवर चढले नव्हते. तालुक्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. मामलेदाराच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवणारा हा माणूस. शब्दासाठी कुणाच्या दारी जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आज ते चपला काढून खाली बसले होते आणि त्यांचे डोळे सुजलेले होते.

मुकुंद त्यांचा एकुलता एक, नवसाचा. कॅनडात नोकरीला होता. तापाचं निमित्त झालं आणि तिकडेच गेला. त्याच्या सोबत्यांनी मिळून तिथल्या बागेत, तो जिथे जाऊन बसायचा त्या तळ्याकाठी, त्याच्या नावाने एक बाक ठेवलं. बाकावर पितळी पाटी. पाटीवर नाव, आणि नावाखाली एकच शब्द, तो कसा होता ते सांगणारा. शब्द वडिलांनी द्यावा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तुम्ही तर इंग्रजीचे शिक्षक, म्हणाले.

पाटी उद्या कोरायला जायची होती.

"दुसरा नाही का एखादा?" आक्कांनी विचारलं.

"जेंटल आहे."

"कानाला बरा लागतो की."

"साबणावर असतो, आक्का. तान्ह्या बाळाच्या साबणावर."

"मग?"

"माइल्ड म्हणावं, तर तो कमी तिखट मसाल्याच्या पुडीवर. मीक म्हटलं की खालमानेने उभा असलेला माणूस दिसतो. डोसाइल म्हणजे तर वेसण धरली की चालू लागणारा बैल..." सरांचा आवाज चिरकला. "एवढी मोठी भाषा, आक्का. मी तिच्यावर जन्म काढला. पण एक शब्द त्याला न दुखवता त्याच्याजवळ जात नाही."

आक्कांनी कापसाचा पुंजका त्यांच्यापुढे धरला.

"वळा."

सरांनी वात वळली. आक्कांनी ती उजेडाकडे धरून पाहिली.

"पीळ फार घट्ट बसला. ही तेल पिणार नाही. दुसरी वळा."

दुसरीही तशीच झाली.

"तुम्ही काय म्हणत होता त्याला?" आक्कांनी अगदी सहज विचारलं.

"मी?"

"घरात. हाक मारताना, रागावताना."

सर नदीकडे पाहत राहिले. घाटावर कुणीतरी भांडी विसळत होतं.

"शेळपट," ते म्हणाले.

"..."

"वर्गातली पोरं याचा डबा खायची, हा उपाशी राहून हसायचा. कॅरम खेळताना समोरचा रडवेला झाला की मुद्दाम हरायचा. माझं डोकं फिरायचं. त्याची आई म्हणायची, अहो, स्वभावाने गरीब आहे लेकरू. मी म्हणायचो, गरीब कसला, बुळा आहे. जगात कसं व्हायचं याचं?"

"तो काय म्हणायचा?"

"होईल हो बाबा, म्हणायचा... एवढंच."

आक्का बोटांनी कापूस मोकळा करत राहिल्या.

"म्हणजे मराठीतही सापडला नव्हता," त्या म्हणाल्या.

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बराच वेळ गेला. नदीवरचं ऊन सरलं, देवळात अंधारून आलं. आक्कांनी समई पुढे ओढली आणि एकदम काही आठवल्यासारखं म्हणाल्या, "देवाला फूल राहिलं की हो. तेवढं तगरीचं एक तोडून आणता?"

दिवेलागणीला आक्कांनी फूल तोडलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. कुणी तोडू लागलं तरी त्या अडवत. पण सरांना हे कुठून ठाऊक असणार? ते उठले. ओसरीच्या पायरीशीच तगर होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. सरांनी हात पुढे केला.

हात तिथेच राहिला.

आक्का समईत तेल घालत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

सर रिकाम्या हाताने परत आले.

"का हो? काटे आहेत?"

"तगरीला कुठले काटे, आक्का?"

"मग?"

"... तोडवेना."

ते खाली बसले. बसले म्हणण्यापेक्षा कोसळलेच.

"पाचेक वर्षांचा असेल. अशीच संध्याकाळ. हिने पूजेला फूल मागितलं म्हणून मी अंगणातल्या झाडाशी गेलो. हा धावत आला आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलंन्. म्हणाला, बाबा, नको ना, झाड झोपलंय..."

"मग?"

"मी हात झटकला. फूल तोडलं, चांगलं डहाळीसकट तोडलं. त्याच्या तोंडापुढे नाचवून म्हटलं, बघ बावळटा, उठलं का तुझं झाड?"

"रडला?"

"नाही. खाली वाकला. माझ्या हिसक्याने पडलेली पानं गोळा केली, आणि बुंध्याशी नेऊन ठेवली. एकेक करून."

सरांनी आपलंच मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं. हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

आक्कांनी देवापुढे फूल ठेवलं नाही. सरांनी वळलेल्या त्या दोन घट्ट वाती उचलल्या आणि समईच्या तेलात सोडल्या.

"भिजू देत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आपली वात लावली.

त्या उजेडात सरांचा बांध फुटला.

"आता काय उपयोग याचा? तो गेला, आक्का! त्याच्या तोंडावर कधी एक बरा शब्द बोललो नाही, आणि आता दुनियेला सांगायला शब्द मागतोय! उद्या काय कळवू मी त्यांना? काय कोरायला सांगू? सांगा ना! काय सांगू?"

आवाज गाभाऱ्यात घुमला आणि परत आला.

आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. बाहेर, अंधारातल्या तगरीकडे पाहिलं.

"हळू बोला, सर... झाड झोपलंय."