धनेशाच्या ढोलीची फट

डोंगर अजून धुक्यात लोळत पडायचे, त्या काळची ही गोष्ट. रान तुटलं, म्हणून धनेश पक्ष्यांचं एक कुटुंब साळुंकी पक्ष्यांच्या आमराईत राहायला आलं. तिथे दुसरे धनेश नव्हते.

धनेशांची एक रीत आहे. पिल्लू जाणतं होऊ लागलं की आई ढोलीबाहेर पडते आणि पिल्लू आतून चिखलाने ढोलीचं तोंड लिंपून घेतं. चोच मावेल एवढीच फट ठेवायची.

या कुटुंबातली आईही बाहेर पडली, पण तिचं पोर भिंत घालेना.

"काय रे डोंगऱ्या, उद्यापासून तुला कोंडणार म्हणे?" समोरच्या फांदीवरून साळुंकीची पोर हसली.

"बघितलंत, बाबा? इथं कुणीच भिंत घालत नाही."

"त्यांची पिल्लं साप नेतो," बाप म्हणाला.

"पण ती एकमेकांशी बोलतात तरी. मी कुणाशी बोलू?"

बापाला आपलं लहानपण आठवलं. रानात त्याला शेजारच्या ढोल्यांमधून दिवसभर धनेशांच्या हाका ऐकू यायच्या. आपण कोंडलेले आहोत, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

आईने चिखल आणून दिला. "भिंत घालायचीच. फट किती लांब, ते तू ठरव."

पोराने सावकाश भिंत लिंपली. फट सापाला शिरता येणार नाही इतकी अरुंद होती, पण समोरची अख्खी फांदी दिसावी इतकी लांब होती.

संध्याकाळी बापाने चोचीने ती वरपासून खालपर्यंत चाचपली. एक उंबर पोराला भरवलं, मग समोरच्या फांदीवरच्या साळुंकीच्या पोरीकडे बघत दुसरं आत सरकवलं.

"हे तिच्यासाठी. तूच दे."