बुरुडिणीचा पाळणा

फार फार पूर्वी, राजाच्या घरची भाजीसुद्धा बांबूच्या टोपलीतून येई, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक बुरुडीण राहत होती. तिच्यासारखी टोपली पंचक्रोशीत कुणी विणत नसे. पण गेली कित्येक वर्षं तिची बोटं दुखत होती. वैद्यानं लेप दिला आणि खरं तेही सांगितलं, की दुखणं हलकं होईल, पुरतं जाणार नाही.

त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्या नातवंडाचा पाळणा आजीनं आपल्या हातानं विणायचा, अशी बुरूडआळीची रीत होती. बुरुडिणीचा सगळा जीव त्या पाळण्यात अडकला.

बोटं बरी असली, की ती पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत विणत बसे. राहिलेलं सगळं आजच भरून काढू, असं तिला वाटे. मग पुढचे चार दिवस तिला भाकरीचा तुकडाही मोडता येत नसे. असं करता करता दोन महिने सरले आणि पाळण्याचा नुसता तळ झाला. एका सकाळी हात मांडीवर ठेवून ती रडू लागली.

तिचा नवरा मोठा मिस्कील. त्यानं बांबूची एक कोरडी कामटी उचलली आणि वाकवली. ती कडकन मोडली.

"अहो, जन्म गेला बांबूत, आणि न भिजवताच वाकवता?" ती डोळे पुसत म्हणाली.

"कामटीला तू रात्रभर पाण्यात ठेवतेस," तो हळूच म्हणाला, "आणि बोटांना घटकाभरही नाही."

नवऱ्याचं पटलं तरी लगेच कबूल करायची तिची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं कोमट पाण्यात हात बुडवले, बोटं सावकाश उघडली-मिटली आणि चारच ओळी विणल्या. हात अजून शिवशिवत होते, तरी ती उठली आणि ओढ्यापर्यंत चालून आली. ते उठणंच तिला सगळ्यात जड गेलं.

पुढे तोच तिचा नेम झाला. बोटं ठणकली, तर दोनच ओळी. बांबू फोडायचं काम तिनं नवऱ्यावर सोपवलं. दुपारी घटकाभर आडवं व्हायची लाजही सोडली. दुखणं गेलं नाही, पण पाळणा रोज थोडा वर चढत गेला. यथावकाश लेकीला मुलगी झाली.

बारशाच्या आदल्या दिवशी फक्त काठ राहिला. काठ आवळायला बोटांत जोर लागतो. पूर्वीची वेळ असती, तर हट्टानं तिनं तोही आवळला असता. आता तिनं नवऱ्याला हाक मारली. "तुम्ही आवळा, मी धरते."

बारशाला आळीतल्या एका बाईनं काठावरून बोट फिरवलं आणि हा हात वेगळा दिसतो, असं म्हटलं. बुरुडीण नुसती हसली. तेवढ्यात बाळ रडलं, आणि तिनं वाकून त्याला आपल्या दोन्ही हातांनी उचलून घेतलं.

तात्पर्य: दुखणं कायमचं सोबतीला असेल, तर रोज थोडं करावं, वेळेवर थांबावं आणि मदत मागायला लाजू नये.