दिलबहार लाँड्रीची पाटी

काचेच्या नळ्यांच्या दिव्यांच्या पाट्या शहरातून एकेक करून उतरत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. अशा जुन्या पाट्यांची चित्रं काढणारी वासंती उद्या आपल्याकडे येणार, हे 'दिलबहार लाँड्री'च्या पाटीला कळलं आणि ती अस्वस्थ झाली. तिचा 'ब' विझला होता आणि त्याच्यामागे साळुंकीचं घरटं होतं.

"साळुंकीबाई, हा काडीकचरा हलवा. मला चित्रात नीटनेटकं दिसायचंय."

"पिल्लांना अजून उडता येत नाही गं," साळुंकी काकुळतीनं म्हणाली.

पाटी रुसली. वाऱ्यात अंग जरा सैल सोडलं, तर घरटं आपोआप पडेल, असंही तिच्या मनात आलं.

सकाळी जोराचा वारा सुटला. पिल्लं घाबरून ओरडली, तशी पाटीनं कुरकुरणारा पत्रा घट्ट आवरून धरला.

वासंतीनं फुटपाथवर बसून चित्र पूर्ण केलं. पाटीनं खाली लावलेल्या गल्लीच्या नावाच्या फलकाला विचारलं, "चित्रात कशी दिसतेय मी?"

"विझलेला 'ब' तसाच आहे, घरटंही आहे. पण बघणारे म्हणतायत, या पाटीवर कुणीतरी राहतं."

पाटीला फार बरं वाटलं. ती घरट्याकडे वळून म्हणाली, "साळुंकीबाई, पिल्लांना घाई करू नका. सावकाश शिकू देत उडायला."