वेलीवरचा दुधी

एकेकाळी एका वैद्यराजांची तुटलेली नाके पुन्हा घडवण्याबद्दल दूरवर ख्याती होती. युद्धात नाक गमावलेली माणसे त्यांच्याकडे तोंड झाकून येत आणि उघड्या चेहऱ्याने परत जात. त्यांचा एक शिष्य होता. बाजारातल्या दुधी भोपळ्यांवर सुरी चालवून त्याचा हात असा बसला होता की बाकीचे शिष्य कामे सोडून बघत राहत. हे त्यालाही ठाऊक होते, हीच काय ती पंचाईत.

एके दिवशी एक व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीचे नाक चांगले धडधाकट होते, फक्त मध्यावर जरासा उंचवटा. तिला पाहायला आलेल्यांपैकी कोणीतरी त्यावरून हसले होते. तेव्हापासून ती चारचौघांत मान वर करीत नव्हती.

"एवढेच ना? उद्याच सरळ करून देतो," शिष्य म्हणाला.

वैद्यराजांनी त्याला परसात नेले. मांडवावर एक कोवळा दुधी लोंबत होता, एका बाजूला फुगलेला. "आधी हा सरळ कर. मात्र वेलीवरून तोडायचा नाही." मग ते व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठजी, थोडे दिवस मुक्काम करा."

नाक सोडून भाजी! शिष्याला अपमान वाटला. तरी त्याने फुगवटा इतका अलगद उतरवला की दुधी अगदी देखणा दिसू लागला. पुढे मात्र जखम सुकली, आखडली. ती बाजू वाढेना आणि दुसरी थांबेना. दुधी विळ्यासारखा वाकला आणि टोकाशी सडू लागला. शिष्याने राख लावली, आधार बांधला. काही उपयोग झाला नाही.

"गुरुजी, माझे काय चुकले?"

"काहीच नाही," वैद्यराज म्हणाले. "आजवर तू तोडलेल्या दुधींवर शिकलास. ते कापावेत तसे राहतात. जिवंत देहात सुरीचे काम संपले की मांसाचे सुरू होते. व्रण आखडतो, पू धरतो. कधी आतली वाट मिटते आणि माणूस जन्मभर तोंडाने श्वास घेतो. ज्याला नाकच उरले नाही, तो हे पत्करतो. हिच्याजवळ गमावण्यासारखे पुष्कळ आहे."

"मग नाही म्हणू?"

"ते तिने ठरवायचे. तू सगळे सांगायचे."

शिष्याने बापलेकीला वेलीपाशी आणून सगळे सांगितले. व्यापारी गोंधळला. "पण तुमचा हात कधी चुकत नाही म्हणतात!"

"हात चुकला नाही तरी असे होते," शिष्य म्हणाला. हे बोलणे त्याला फार जड गेले.

मुलगी बराच वेळ त्या दुधीकडे पाहत राहिली. मग डोळे मिटून तिने नाकाने छातीभर श्वास घेतला. पलीकडे चुलीवर काढा उकळत होता.

"अगं बाई, केवढा कडू वास!" ती म्हणाली आणि हसली. "बाबा, गाडी जुंपायला सांगा."

सुरी धरणाऱ्याने आणि तिच्यापुढे बसणाऱ्याने, दोघांनीही तो वाकडा दुधी आधी एकदा पाहून घ्यावा.