उघाडी नसलेली भिंत

पूर्वी समुद्रकाठच्या शंखघाट नगरात वेणुसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व खाडीच्या तोंडावरच्या वस्तीत एका उघाडीराख्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव नंदिक. तिथली भातशेते आणि कोळ्यांची घरे एका लांब मातीच्या बांधाआड वसलेली होती. त्या बांधात लाकडी झडपेची एक मोरी होती, तिला उघाडी म्हणत. भरती आली की झडप लावायची, म्हणजे खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की उघडायची, म्हणजे आत साचलेले पावसाचे पाणी निघून जाते. नंदिकाचे काम एवढेच. पण एक भरती चुकली तर गावाचे वर्षाचे भात नासून जाई.

काम नंदिकाचे होते आणि मान होता बांधनायकाचा. त्या काळी बांधनायक होता पुष्कल, आणि ही गोष्ट खरे तर त्याचीच आहे. सात पिढ्या त्याच्या घराण्याने तो बांध राखला होता. श्रावणी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटण्याआधी बांधनायक अनवाणी पायांनी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई आणि साऱ्या वस्तीच्या वतीने समुद्राला पहिला नारळ वाही. ज्याने गाव समुद्रापासून राखले त्याचा हा मान. पुष्कल वर्षभर कसाही वागो, त्या दिवशी त्याची मान ताठ असे आणि छाती बांधाहून पुढे आलेली असे.

पुष्कल माणूस वाईट नव्हता. हाताचा कसबी होता, दगड पारखावा तर त्यानेच. फक्त दुसऱ्याचे कौतुक त्याच्या घशाखाली उतरत नसे.

समुद्र त्या वर्षांत हळूहळू वर चढत होता. नंदिकाने खाडीतल्या एका काळ्या खडकावर दर वर्षीच्या मोठ्या उधाणाची रेघ कोरून ठेवली होती, आणि प्रत्येक नवी रेघ जुनीच्या वर पडत होती. म्हणून आषाढ आला की तो कांदळाच्या झाडांखाली लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा गोळा करी, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांची रोपे जमवी आणि ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून बांधाच्या बाहेर ती हातहात अंतरावर खोचून ठेवी. बारा वर्षे त्याने हेच केले. लोक आधी हसले. मग झाडे वाढली, मुळ्यांत गाळ साचू लागला, गाळात खेकडे आले, आणि हसणारे टोपल्या घेऊन खेकडे धरायला येऊ लागले.

एका पावसाळ्याच्या शेवटी नागल तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचा म्होरक्या, पुष्कलाला बांधावर भेटला. म्हातारा मनाने सरळ होता, त्यामुळे बोलताना मागचापुढचा विचार करीत नसे.

"नायक, औंदा बांधाला एक भगदाड नाय पडलं बघा!"

पुष्कलाचा चेहरा खुलला.

"त्या नंदिकाच्या तिवरांनी लाट पार चावून टाकली. बांधापर्यंत आली ती मांजर होऊन आली. म्हातारी कोतारी म्हणतात, पौर्णिमेचा नारळ एकदा त्याच्या हातानं जाऊ द्या."

पुष्कल हसला. हसला म्हणजे ओठ बाजूला केले. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. वाटेने जाताना किती जण नंदिकाला हात जोडतात आणि किती जण आपल्याला, हे तो मोजू लागला. घरी बायकोने, उत्पलेने, खेकड्यांचे कालवण केले. त्याने दोनदा मागून घेतले आणि मग विचारले, "कुठले गं?"

"नंदिकाच्या तिवरांतले. मोठे असतात तिकडचे."

"चिखलाचा वास येतो," असे म्हणून त्याने वाटी सारली. वाटी रिकामी होती, हे उत्पलेने पाहिले.

शेवटी पुष्कल राजाकडे गेला. म्हणाला, "महाराज, समुद्र वर चढतो आहे. मातीच्या बांधाचे दिवस सरले. मला दगड द्या, माणसे द्या. पुरुषभर उंच भिंत उभी करतो."

बोलणे खोटे नव्हते. राजाला ते पटलेही. पण तो सहज म्हणाला, "नंदिकाला विचारलेस का?"

पुष्कलाच्या अंगाचा तिळपापड झाला. सात पिढ्यांच्या बांधनायकाने झडप लावणाऱ्याला विचारायचे!

राजाने नंदिकाला बोलावून घेतले. नंदिक म्हणाला, "महाराज, नायकांच्या हातची भिंत नक्कीच भक्कम होईल. ती तिवरांच्या मागे असावी. झाडे आधी लाटेचा जोर काढतील, उरलेले पाणी भिंत अडवील. समुद्र बोटभर वर येतो तेव्हा झाडांखालचा गाळही बोटभर वर चढतो. दगड मात्र ठेवला तिथेच राहतो. आणि उघाडी तेवढी ठेवावी."

यात पुष्कलाला कमी लेखणारे काय होते? काहीच नाही. पण त्याला एकच शब्द ऐकू आला होता, 'मागे'. तिवरांच्या मागे बांधलेली भिंत समुद्रावरून येणाऱ्या तारवांना दिसणारही नाही. तो म्हणाला, "घट्ट जमीन पुढेच आहे महाराज, जिथे तिवरे आहेत तिथे. शिवाय शिंपल्यांचा चुना भाजायला जळण लागेल, आणि तिवराच्या लाकडासारखा जाळ दुसऱ्या कशाचा नाही."

भिंतीचे काम ज्याचे, त्याचेच ऐकावे, असा विचार करून राजाने होकार दिला. नंदिकाने एवढेच मागितले की खाडीच्या वळणावरची तिवरांची एक पट्टी राहू द्यावी. ती भिंतीच्या आड येत नव्हती, म्हणून पुष्कलाने ती उदारपणे सोडली आणि आपण किती उदार आहोत हे चार लोकांना सांगितलेही.

बारा वर्षांची झाडे वीस दिवसांत भट्टीत गेली आणि जुन्या बांधाची माती भिंतीच्या भरावात गेली. भट्ट्यांचा धूर वस्तीवर येई तेव्हा पुष्कलाला तो सुगंधी वाटे. भिंत खरोखर देखणी झाली. सांध्यात पातेही शिरू नये इतकी चिरेबंदी. पण तिच्यात उघाडी नव्हती. कारण उघाडी ठेवली की उघाडीराखा आला, आणि तो आला की दर भरतीला पुष्कलाच्या भिंतीवर नंदिकाचा हात पडणार. "मुरेल पाणी जमिनीत," असे त्याने गवंड्यांना सांगितले. त्याच्या बापाने असा बांध कधी बांधला नसता, हे त्यालाही ठाऊक होते.

श्रावणी पौर्णिमेला पुष्कल भिंतीवरून चालत गेला आणि त्याने नारळ वाहिला. मग गर्दीत नंदिकाचा चेहरा शोधला. तो पडलेला दिसावा, एवढीच त्याची इच्छा होती. नंदिक मात्र हात जोडून उभा होता, आणि भिंतीच्या टोकाचा कोनाचा दगड कसा बसवला आहे ते शेजाऱ्याला कौतुकाने दाखवत होता. पुष्कलाचा सगळा सण आंबला. आता त्याला नंदिकाच्या कीर्तीचा नव्हे, त्याच्या झोपेचा हेवा वाटू लागला.

महिन्याभराने नंदिक त्याच्या दारी आला. "नायक, रागावू नका. भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना पायाखालचा चिखल ओढून नेते आहे. वीतभर पाया उघडा पडलाय. आणि आत शेतांत पाणी तुंबतंय. उघाडीपुरती जागा अजूनही करता येईल. मी तिथे नको असलो तर दुसऱ्या कोणाला नेमा."

"तुझ्या पोटात दुखतंय ते आधी सांग," पुष्कल म्हणाला. "झाडं गेली, काम गेलं, म्हणून जळतोयस."

नंदिक नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवशी तो वळणावरच्या पट्टीत पुन्हा शेंगा खोचताना दिसला.

आश्विनाच्या अमावास्येला पहाटेपासून वारा फिरला. सकाळी उधाणाची भरती आली ती वादळ घेऊनच. तिवरे असताना जी लाट दमून येई, ती आता थेट दगडावर आदळू लागली. भिंत हलली नाही, हे पुष्कलाच्या हाताचे श्रेय. पण समुद्र तिच्या माथ्यावरून आत आला. डोंगरातून पावसाचे लोंढे आले. दोन्ही पाण्यांना आत यायला वाट होती आणि बाहेर जायला नव्हती. शेते बुडाली, मग उंबरे, मग चुली. भिंतीच्या आडोशाला आणून बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. माणसे छपरांवर चढली. सर्वांत सखल जागी घर पुष्कलाचेच होते, कारण भिंत अंगणातून दिसावी म्हणून त्याने ते तिच्या पायथ्याशी नवे बांधले होते. उत्पला त्याच्या छपरावर बसली होती आणि छपराखालची मातीची भिंत विरघळत होती.

इतक्यात वळणाकडून होड्या आल्या. नागल तांडेलाने आणि आणखी काही जणांनी आपल्या होड्या भिंतीच्या आडोशाला न आणता तिवरांच्या पट्टीतच बांधल्या होत्या, आणि त्या तिथे शाबूत राहिल्या होत्या. नंदिक छपराछपरांवरून म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया उतरवून घेत होता आणि तिवरांच्या बुंध्यांना होड्या बांधत होता. पण होड्या पाच आणि माणसे तीनशे.

पुष्कल भिंतीवर उभा होता. नंदिक छातीभर पाण्यातून त्याच्याकडे आला. "नायक, ओहोटी लागलीय. आता बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली आहे. रात्रीची भरती यायच्या आत हे पाणी गेलं नाही तर छपरंही जातील. जुन्या उघाडीचा ओढा भिंतीला कुठे भिडतो ते मला ठाऊक आहे. पण कोणता चिरा आधी निघेल ते तुम्हालाच ठाऊक."

खरे सांगायचे तर, त्याही वेळी पुष्कलाच्या मनात जे आले ते चांगले नव्हते. भिंत फुटली तर लोक म्हणतील, नंदिक म्हणत होता तेच खरे. सात पिढ्यांचे नाव एका घावात जाईल. नंदिकाने पुढे केलेली पहार त्याच्या हातात होती आणि तो तसाच उभा राहिला. समोर तीनशे माणसे बुडत होती आणि त्याला अजून त्यांच्या तोंडचे कौतुक कोणाकडे जाईल याची चिंता होती. हे त्याचे त्यालाच कळले, आणि त्याला स्वतःची अशी किळस आली जशी आयुष्यात कशाची आली नव्हती.

"अहो!" उत्पला छपरावरून ओरडली. "फोडा की आता!"

तो खाली उतरला आणि त्याने पहार घातली. तळाचा तिसरा चिरा, मग त्याच्या वरचा. नंदिक दुसऱ्या बाजूने दगड ओढत होता. अर्ध्या प्रहरात भिंतीला खिंडार पडले आणि पाणी गर्जत समुद्राकडे निघाले. जाताना पुष्कलाच्या कसबाची वीस हात भिंत घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत उंबरे दिसू लागले. माणूस एकही दगावला नाही.

पुढच्या श्रावणी पौर्णिमेला साऱ्या वस्तीने नारळ नंदिकापुढे धरला. नंदिकाने तो घेतला, वळला आणि पुष्कलाच्या हातात ठेवला. "चिरा यांनी काढला," तो म्हणाला. "माझ्याने तो निघाला नसता."

पुष्कलाने नारळ वाहिला. आणि हेही सांगितलेच पाहिजे, की त्या क्षणीही त्याला नंदिकाचा हेवाच वाटला. मिळालेला मान असा सहज देऊन टाकणे आपल्याला जमले नसते, याचा हेवा. गर्दी पांगल्यावर त्याने विचारले, "नंदिका, खरं सांग. तुला माझा कधीच हेवा वाटला नाही?"

"वाटला होता की," नंदिक म्हणाला. "पहिल्या वर्षी माझं एकूण एक रोप वाहून गेलं, आणि तुमचा बांध जागच्या जागी उभा. तीन दिवस मी तुमच्याकडे बघवत नाही म्हणून वाट बदलून जात होतो. चौथ्या दिवशी मनात आलं, हा बांध उभा आहे म्हणूनच तर माझ्या घरात चूल पेटलीय. मग तुमच्या बांधाचा आनंद वाटायला लागला आणि मी पुन्हा चिखलात उतरलो."

पुष्कलाने धोतर वर खोचले आणि बांधनायकाच्या सात पिढ्यांत कोणी उतरले नव्हते त्या चिखलात तो उतरला. त्याची रोपांची पहिली रांग वाकडी आली. नंदिकाने ती सरळ केली नाही. भिंतीचे उरलेले दगड मागे नेऊन पुष्कलाने बुटका बांध घातला, त्यात रुंद उघाडी ठेवली आणि तिची झडप स्वतः घडवून नंदिकाच्या हाती दिली. त्या खडकावर रेघा पुढेही वर वर चढत राहिल्या, आणि तिवरांखालचा गाळही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहाराच्या अंगणात भिक्षूंना सांगितली. सोबत्याच्या उपदेशाला लोक गर्दी करतात म्हणून कोणा एका भिक्षूने जेवण टाकले आहे, असे त्यांच्या कानांवर आले होते. कथा संपवून ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा वेणुसेन म्हणजे आज या विहाराला वन देणारा उपासक. तेव्हाचा नागल तांडेल म्हणजे आपला स्पष्टवक्ता स्थविर सुभूम. तेव्हाची उत्पला आज भिक्षुणीसंघात आहे. आणि उघाडीराखा नंदिक तो मीच होतो."

ते थांबले. एक तरुण भिक्षू म्हणाला, "भंते, पुष्कल राहिला."

"तो इथेच बसला आहे," शास्ते म्हणाले. "नाव मी सांगणार नाही. त्याची रोपे अजून कोवळी आहेत."

मग मागच्या रांगेतला भिक्षू धम्मिल उठला. दोन दिवसांच्या उपवासाने त्याचा चेहरा उतरला होता. "भंते, तो मी," एवढेच तो म्हणाला. आणि ज्याच्या गर्दीने त्याचा घास अडला होता, त्या सोबत्याचे भिक्षापात्र त्याने उचलून घेतले आणि धुवायला विहिरीकडे नेले.

शास्ते म्हणाले, "दुसऱ्याच्या उभ्या बांधाने आपले मन आनंदाने भरून यावे, याला मुदिता म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ती पाळली, आणि पुष्कल ती आज शिकला."